मानेतील गाठ आणि हॉजकिनचा रोग

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत, चिंचोळीची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. कापडाचे, मोटारींच्या सुट्या भागांचे आणि औषधी रसायनांचे कारखाने तेथे शेजारी शेजारी उभे आहेत, आणि पाळी बदलताना फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या माणसांकडे पाहिले म्हणजे त्यांतील विशी-तिशीच्या तरुणांचे प्रमाण सहज नजरेत भरते. कर्करोग हा उतारवयाचा रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. परंतु हॉजकिनचा लिम्फोमा या नावाने वैद्यकात ओळखला जाणारा लसिकासंस्थेचा कर्करोग याच वयाच्या माणसांना, म्हणजे पंधरा ते पस्तीस या वयात, विशेषत्वाने गाठतो, पन्नाशी उलटल्यावर त्याची आणखी एक लाट येते, आणि आपल्या देशात तर तो लहान मुलांतही आढळतो. तो सर्रास आढळणारा रोग नाही. तरीही त्याविषयी विस्ताराने लिहावेसे वाटते याचे कारण असे की, ज्या थोड्या कर्करोगांवर वैद्यकाला निःसंदिग्ध विजय मिळाला आहे त्यांत याचे स्थान अग्रभागी आहे, आणि असे असूनही आपल्या भागातील कित्येक रुग्णांचे अमूल्य महिने, इलाज सुरू होण्यापूर्वीच, चुकीच्या निदानाखाली वाया जातात.

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे एक सूक्ष्म जाळे असते, आणि त्या जाळ्यावर मानेत, काखेत, जांघेत, छातीच्या मध्यभागी व पोटात ठिकठिकाणी वाटाण्याहून लहान अशा ग्रंथी असतात. जंतूंशी लढणाऱ्या लसिकापेशी याच ग्रंथींत वस्तीला असतात व येथेच त्यांची संख्या गरजेप्रमाणे वाढते. पायाला ठेच लागून जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, दाढ सुजली म्हणजे हनुवटीखाली दुखरी गाठ हाताला लागते, हा या ग्रंथींच्या नित्याच्या कामाचाच पुरावा होय. कारण दूर झाले की अशी गाठ दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. हॉजकिनच्या रोगातील गाठ या क्रमाने वागत नाही. ती बहुधा दुखत नाही, हाताला रबरासारखी घट्ट पण किंचित दबणारी लागते, मानेच्या बाजूला किंवा गळपट्टीच्या हाडावरच्या खोलगट भागात हळूहळू मोठी होते, आणि तिच्या जोडीला दुसरी व तिसरीही येते. काहींना संध्याकाळी ताप भरतो, रात्री अंगावरचे कपडे बदलावे लागतील इतका घाम सुटतो, वजन झपाट्याने उतरते. काहींच्या सर्वांगाला कारणाविना खाज सुटते. आणि छातीतील ग्रंथी वाढल्या असतील तर कोरडा खोकला लागतो व पायऱ्या चढताना दम भरतो.

सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेले वजन, खोकला आणि मानेत गाठी, हे वर्णन ऐकल्याबरोबर आपल्याकडील कोणताही अनुभवी माणूस क्षयाचे नाव घेईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून दाट वस्तीच्या चाळी, सुताची धूळ, अपुरा आहार आणि रात्रपाळी यांच्या सोबतीने क्षय या शहराच्या परिचयाचा झाला. मानेतील क्षयाच्या गाठींना तर आपल्या वैद्यकात गंडमाळा हे जुनेच नाव आहे, आणि मानेत दीर्घकाळ राहिलेली गाठ आजही आपल्या देशात बहुतेक वेळा क्षयाचीच निघते. म्हणूनच गावचा डॉक्टर, रुग्णाची ऐपत पाहून, गाठीची तपासणी न करता क्षयाच्या गोळ्या सुरू करतो, आणि पुष्कळदा त्याचा अंदाज बरोबरही ठरतो. अंदाज चुकला की मात्र काय घडते ते पाहण्यासारखे आहे. क्षयाचा इलाज सहा महिन्यांचा. खऱ्या क्षयातही गोळ्या सुरू झाल्यावर प्रथम काही गाठी वाढल्यासारख्या दिसतात, सबब दोन महिन्यांनी गाठ वाढलेली आढळली तरी ‘आणखी थोडे थांबू’ असे म्हणण्यास आधार मिळतो. मुदत संपल्यावर कोठे शंका बळावते आणि रुग्ण मोठ्या रुग्णालयाची वाट धरतो. तोवर मानेत असलेला रोग छातीत, पोटात, प्लीहेत, क्वचित अस्थिमज्जेत उतरलेला असतो.

क्षय आणि हॉजकिन यांची ही गल्लत केवळ आपल्याकडचीच नाही. या रोगाच्या इतिहासात ती आरंभापासून आहे. लंडनच्या गाय रुग्णालयातील संग्रहालयाचे प्रमुख टॉमस हॉजकिन यांनी शवविच्छेदनात पाहिलेल्या सात रुग्णांच्या लसिकाग्रंथींचे व प्लीहेचे वर्णन करणारा निबंध 1832 च्या जानेवारीत तेथील वैद्यकसभेत सादर झाला, आणि ते स्वतः सभासद नसल्याने तो चिटणीसांनी वाचून दाखविला. सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता, निव्वळ डोळ्यांनी पाहून आणि हातांनी चाचपून, या ग्रंथी दाहाने वा दुसरीकडच्या रोगामुळे सुजलेल्या नसून हा ग्रंथींचा स्वतंत्र विकार असावा, असे अनुमान त्यांनी काढले. ते वर्णन तेहतीस वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिले, आणि 1865 साली सॅम्युअल विल्क्स यांनी उदार मनाने या रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. हॉजकिन हे क्वेकर पंथाचे, वसाहतींतील मूळ रहिवाशांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध निर्भयपणे बोलणारे गृहस्थ होते; त्या स्पष्टवक्तेपणापायी रुग्णालयातील बढती त्यांच्या हातून गेली, आणि 1866 साली परोपकाराच्याच एका प्रवासात जाफा येथे आमांशाने त्यांचा अंत झाला.

पुढे 1898 साली व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी या ग्रंथींत आढळणाऱ्या विलक्षण मोठ्या पेशींचे वर्णन केले, परंतु त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांना क्षयही असल्यामुळे हा क्षयाचाच एक निराळा प्रकार होय असे त्यांनी ठरविले. चार वर्षांनी, 1902 साली, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे डोरोथी रीड या तरुण विदुषीने त्याच पेशींची अत्यंत काटेकोर चित्रे काढली आणि हा रोग क्षयाहून सर्वस्वी भिन्न आहे असे सप्रमाण सिद्ध केले. तेथे स्त्रीला वरच्या पदाची आशा नाही हे दिसताच त्या विकृतिशास्त्र सोडून गेल्या व पुढे माता-बालकांच्या आरोग्यासाठी त्यांनी मोठे काम केले. पण त्या पेशींना आजही रीड-स्टर्नबर्ग पेशी असेच म्हणतात. जो प्रश्न त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सव्वाशे वर्षांपूर्वी निकालात काढला तोच आपल्या तालुक्याच्या ठिकाणी सूक्ष्मदर्शकावाचून सोडविण्याचा प्रयत्न आपण अजून करीत आहोत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

या पेशीचे स्वरूप समजले म्हणजे तपासणी कशी हवी हेही ध्यानात येते. ती लसिकापेशीपेक्षा कितीतरी मोठी असते, तिच्यात बहुधा दोन केंद्रके समोरासमोर असतात आणि प्रत्येकात एक ठळक ठिपका असतो, त्यामुळे काचपट्टीवर घुबडाचे दोन डोळे आपल्याकडे रोखून पाहत आहेत असा भास होतो. ती मुळात बी वर्गाच्या लसिकापेशीपासूनच बिघडून झालेली असते, हे 1994 मध्ये एकेक पेशी वेगळी काढून तिच्या जनुकांचा अभ्यास केल्यावर स्पष्ट झाले. नवल असे की, संपूर्ण गाठीत या रोगट पेशी शेकडा एक-दोनच असतात. उरलेली सगळी गाठ म्हणजे तिच्याभोवती जमलेल्या निरुपद्रवी दाहपेशींची गर्दी होय. म्हणूनच बारीक सुईने गाठीतले ‘पाणी’ काढून केलेल्या तपासणीत त्या हाती लागतीलच असे नाही. शिवाय त्यांच्या आसपास कधी कधी क्षयात दिसतात तशाच कणार्बुदी रचना आढळतात, आणि मग अहवालावर ‘क्षयाची शक्यता’ असे लिहिले जाते. खात्रीचा मार्ग एकच आहे, आणि तो असा की शल्यविशारदाने एक संपूर्ण ग्रंथी काढावी, विकृतिशास्त्रज्ञाने तिचे छेद पाहावेत, सीडी-30 व सीडी-15 या प्रथिनांसाठी विशेष रंजन करावे, आणि त्याच ऊतीचा एक भाग क्षयाच्या सीबीनॅट तपासणीसाठी पाठवावा. त्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांनी गाठ तात्पुरती बसते व काचपट्टीवरचा पुरावा पुसट होतो. ‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ ही खेड्यापाड्यांत व कामगारवस्तीत रूढ झालेली भीती या रोगापुरती तरी संपूर्णपणे निराधार आहे. गाठ काढल्याने हॉजकिन पसरत नाही, न काढल्याने मात्र तो ओळखलाच जात नाही.

रोग का होतो, या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळालेले आहे. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू, जो लहानपणीच बहुतेकांच्या शरीरात निमूटपणे शिरतो, तो अनेक रुग्णांच्या रीड-स्टर्नबर्ग पेशींत आढळतो, आणि भारतातील लहान मुलांत हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच अधिक आहे. एचआयव्हीच्या रुग्णांत हा रोग जास्त होतो. रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला सहजच शंका येते की आपल्या कामामुळेच हे झाले काय, तर त्याला इतके सांगता येते की या विशिष्ट रोगाचा आणि कोणत्याही एका औद्योगिक रसायनाचा संबंध निर्विवादपणे प्रस्थापित झालेला नाही. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने वा शेजारी झोपल्याने तो कोणाला होत नाही, आणि कर्त्या माणसाला घरात वेगळे बसविण्याचे यत्किंचित कारण नाही.

निदान झाल्यावर रोग कोठवर पोहोचला आहे ते ठरवितात. एकाच भागातील ग्रंथी असतील तर पहिली अवस्था, श्वासपटलाच्या एकाच बाजूला दोन वा अधिक भाग असतील तर दुसरी, पटलाच्या दोन्ही बाजूंना असतील तर तिसरी, आणि यकृत, फुप्फुस, अस्थिमज्जा यांत रोग शिरला असेल तर चौथी. ही विभागणी 1971 साली अॅन आर्बर येथे ठरली व थोड्या फेरफाराने आजही चालते. चौथी अवस्था म्हटली की नातेवाइकांचे हातपाय गळतात. इतर कर्करोगांत ती भीती साधार असेल. हॉजकिनमध्ये चौथ्या अवस्थेतील बहुसंख्य रुग्णही बरे होतात, आणि आरंभीच्या अवस्थांत तर शंभरातील नव्वदांहून अधिक.

हे यश एका दिवसात आलेले नाही. क्षकिरणांनी या गाठी विरघळतात हे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच दिसले होते, पण त्या पुन्हा उद्भवत. टोरोंटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी 1950 साली दाखवून दिले की रोगट भागाबरोबर शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या ग्रंथींवरही पुरेसे किरण दिल्यास आरंभीचे रुग्ण कायमचे बरे होतात, आणि कॅलिफोर्नियात हेन्री कॅप्लान यांनी ते तंत्र परिपूर्ण केले. पसरलेल्या रोगापुढे मात्र किरणांचा उपाय चालेना. तेथे 1964 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधे एकत्र देण्याचे, तत्कालीन ज्येष्ठांना अविचारी वाटलेले साहस केले, आणि ज्यांना घरी पाठविण्यावाचून गत्यंतर नव्हते अशांपैकी निम्मे जगले. त्या चौकडीतील एक औषध महायुद्धातील विषारी मस्टर्ड वायूच्या कुळातले होते. त्याने रोग जाई, पण अनेकांना वंध्यत्व येई व काहींना पुढे रक्ताचा कर्करोग होई.

म्हणून 1975 साली मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी दुसरी चौकडी सुचविली, तिचे आद्याक्षरांवरून पडलेले नाव एबीव्हीडी, आणि जगभर आजही हॉजकिनच्या इलाजाचा तोच मुख्य कणा आहे. तिच्यातील डॉक्सोरुबिसिन हे इटलीच्या अॅड्रियाटिक किनाऱ्याच्या प्रदेशातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवाच्या वंशातून आले. ब्लिओमायसिन जपानमधील हमाओ उमेझावा यांनी तशाच दुसऱ्या सूक्ष्मजीवापासून काढले. व्हिनब्लास्टिन तर आपल्या अंगणातील सदाफुलीचे. या झाडाची पाने मधुमेहावर गुणकारी आहेत, या जमैकातील लोकसमजुतीची परीक्षा करताना कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांना असे आढळले की रक्तातील साखर काही उतरत नाही, पण पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्या धाग्यावरून 1958 साली हे औषध हाती आले. आपल्याकडेही पुष्कळजण मधुमेहासाठी सदाफुली चघळतात, तेव्हा येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की पाने चघळून हॉजकिन बरा होत नाही, आणि शिरेतून मोजून द्यावयाच्या औषधाची ती जागा घेऊ शकत नाही. चौथे, डकार्बाझिन, हे संपूर्णपणे रसायनशाळेतले अपत्य असून त्याच्या घडणीतील एक दुवा डायमिथिलअमाइन हा आहे. चिंचोळी आणि शेजारचे तामलवाडी येथील कामगारांना अमाइन कुळाची ओळख करून द्यावी लागणार नाही, कारण त्या कुळातील रसायने तेथील कारखान्यांत रोज तयार होतात.

ही चारही औषधे दर चौदा दिवसांनी शिरेतून देतात, दोन वेळा मिळून एक आवर्तन होते, आणि आरंभीच्या अवस्थेत दोन ते चार, पुढच्या अवस्थेत सहा आवर्तने लागतात. बहुतेक रुग्ण सकाळी येऊन संध्याकाळी घरी परततात. डॉक्सोरुबिसिन लालभडक असते व दिल्यावर लघवी लाल होते, त्याला घाबरू नये. डकार्बाझिनची बाटली प्रकाशापासून झाकून ठेवतात व त्याने उलट्या होतात, मात्र त्यावर आता प्रभावी औषधे आहेत. केस गळतात आणि पुन्हा येतात. पांढऱ्या पेशी कमी झाल्या असता ताप आल्यास तो अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते, म्हणून नवा खोकला वा दम डॉक्टरांना तत्काळ सांगावा, आणि कापसाच्या धुळीत किंवा रसायनांच्या वाफेत काम करणाऱ्याने आपल्या कामाचे स्वरूप पहिल्याच भेटीत तपशीलवार कथन करावे. या चौकडीने अपत्यप्राप्तीची क्षमता बहुधा टिकते. तरीही अविवाहित तरुणाने इलाजापूर्वी वीर्य साठवून ठेवण्याविषयी संकोच न धरता विचारावे.

दोन आवर्तनांनंतर पेट स्कॅन करतात, आणि त्यावर पुढची दिशा ठरते. जर्मनीतील अभ्यासगटाने 2010 साली दाखविले की अनुकूल अशा आरंभीच्या अवस्थेत दोन आवर्तने आणि थोडे किरण, लोक ज्याला ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात ते, पुरेसे होतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले की पसरलेल्या रोगातही हा मधला स्कॅन निर्मळ आला तर पुढे ब्लिओमायसिन वगळता येते. जितक्यास तितका इलाज, अधिक नाही, हे धोरण या रोगात विशेष महत्त्वाचे आहे, कारण बरा झालेला रुग्ण पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगावयाचा असतो. थोड्यांमध्ये रोग उलटतो. त्यांना अधिक तीव्र औषधे देऊन स्वतःच्याच मूलपेशींचे रोपण करतात, आणि अलीकडे ब्रेंटक्सिमॅब व निवोलुमॅब यांसारखी नेमक्या लक्ष्यावर काम करणारी औषधेही उपलब्ध झाली आहेत, परंतु त्यांचा खर्च अद्याप कामगाराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

इलाज मिळतो कोठे? मुंबईत परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि या विषयातील देशाचे मुख्य पीठ तेच आहे. पण सोलापूर जिल्ह्याच्या माणसाने हे विसरू नये की बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि ग्रामीण भागातील कर्करोगाची देशातील पहिली नोंदणी 1987 साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांत तेथूनच सुरू झाली. रुग्ण रुग्णालयात येत नाहीत असे पाहून या नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, चावडीवर बसले, कर्करोगाच्या खुणा लोकांना समजावून दिल्या. परिणामी काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत येऊ लागल्या, असे त्यांच्याच प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आहे. नवे यंत्र वा नवे औषध नसताना केवळ माहितीने हे झाले. कारखान्यांच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब व साखर यांच्या जोडीला मानेवरून एकदा हात फिरविला जावा, असे मी म्हणतो ते या पुराव्याच्या बळावर.

खर्चाविषयीही कामगाराला आपला हक्क ठाऊक हवा. दहा वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात, दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारा प्रत्येकजण, मग तो कंत्राटदाराकडचा का असेना, कामगार राज्य विमा योजनेत येतो. कर्करोग हा तिच्या दीर्घकालीन रोगांच्या यादीत असल्यामुळे, दोन वर्षे नोकरी व 156 दिवसांची वर्गणी भरली असेल तर नेहमीच्या 91 दिवसांच्या आजारपणाच्या लाभानंतर वेतनाच्या 80 टक्के रक्कम पुढे चालू राहते आणि ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढविता येते. या योजनेबाहेरच्यांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. मुकादमाने वा कंत्राटदाराने विमा क्रमांकाचा दाखला दिला नसेल तर तो आजारी पडण्यापूर्वीच मागावा.

तीन-चार आठवडे उलटूनही न ओसरलेली, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ मानेत असेल, किंवा क्षयाच्या गोळ्या दोन महिने घेऊनही ती बसत नसेल, तर डॉक्टरांना आदराने पण स्पष्ट शब्दांत विचारा की ही संपूर्ण गाठ काढून तपासता येईल काय. आणि तपासणी झाली की अहवालाच्या कागदाबरोबर मेणात बसविलेला गाठीचा तुकडा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही मागून घ्या. बार्शी असो वा परळ, तेथील विकृतिशास्त्रज्ञ इलाज ठरविण्यापूर्वी तो स्वतः पुन्हा पाहतात, आणि तो जवळ असेल तर दुसऱ्यांदा गाठ काढण्याची वेळ बहुधा येत नाही.